नावाआधीची चक्कर

बाबा, मागच्या सोमवारी दुकानात एक बाई आली होती, तिच्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. दुकान म्हणजे तुमची जत्रेतली ताडपत्रीची राहुटी नव्हे. मावल्याच्या रस्त्यावर आता माझं काचेच्या दाराचं दुकान आहे, भिंतीवर फुलपाखरं, मोरपिसं, त्रिशूळ आणि सिंहाची तोंडं लावलेली आहेत. गोंदण म्हटलं तर हल्लीच्या पोरींना कळत नाही, टॅटू म्हणावं लागतं. त्या मोबाइलवर चित्र दाखवतात आणि तसंच्या तसं मागतात. दोन-तीन वर्षांनी त्यांच्यातलीच एखादी आईला घेऊन येते, लग्न जमलंय, हे झाकता येईल का, म्हणून विचारते. हौसही माझ्याच दारात येते आणि पस्तावाही. तुम्ही असता तर डोक्याला हात लावला असता.

तुम्हाला गोंदणाचं वावडं नव्हतं. तुळस, विंचू, सूर्य, हनुवटीवरचा ठिपका, हे तुम्ही काही न विचारता काढून द्यायचात. एखादी म्हातारी आरशात बघून लाजली की तुमचाच चेहरा खुलायचा. पण कुणी नाव मागितलं की मशीन बाजूला ठेवायचात. निळ्या बॉलपेननं मनगटावर नाव लिहायचात आणि म्हणायचात, "जा, जत्रेची एक चक्कर मारून ये. पाळण्यात बस, भजे खा. वापस आल्यावर बी पायजे असन तं काढून देतो." निम्मे लोक परत येतच नसत. पलीकडच्या राहुटीतला गोंदणारा आपल्याकडे बघून हसायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी चिडले की तुम्ही शांतपणे सुई पुसत सांगायचात, "पेनाची शाई घामानं जाते बाई, सुईची जात नाई. अर्दा घंटा तरी मानसाले पायजे." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की तुम्ही तोंड उघडायच्या आतच मला कंटाळा यायचा.

वीस वर्षं झाली असतील. भीमपूरकडची जत्रा, दुपारची वेळ. तुम्ही देवळात नारळ फोडायला निघाला आहात. जाता जाता सांगता, "नाव आलं तं चक्कर मारायले लावजो." मी सतरा वर्षांची आहे आणि आजवर फक्त दुधी भोपळ्यावर अक्षरं काढली आहेत. तेवढ्यात तीन पोरी येतात, माझ्याच वयाच्या. मधल्या पोपटी ओढणीवालीला दोघी पुढे ढकलतात, त्यातली एक हसत हसत एका पोराचं नाव सांगते. ते नाव मी इथेही लिहीत नाही. "काढून घे न वं, भेते काऊन?" दुसरी म्हणते. ओढणीवाली हात पुढे करते, पण कोपर मागेच ओढून धरते. ते मला दिसतं, बाबा. पेन माझ्या शेजारी डब्यात पडलेलं होतं, तेही दिसत होतं. पण मला माझ्या हातानं पहिलं नाव काढायचं होतं, आणि ती चक्कर मारायला गेली तर परत येणार नाही हे मला कळत होतं. मी तिचं मनगट धरलं आणि मशीन चालू केलं. पहिलं अक्षर उमटल्यावर नको म्हणायला काही उरत नाही. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. तुम्ही कपाळाला गुलाल लावून परत आलात आणि विचारलंत, "कोनाचं नाव होतं? चक्कर मारली का तिनं?" मी म्हटलं, "हो."

तिसऱ्या दिवशी तिचा काका आणि दोघं भाऊ आले. काका सुरुवातीला नीट बोलत होता, हे मला आठवतं. "आमची पोरगी म्हणते, मी नाई म्हनून राह्यली होती, दुकानातल्या पोरीनं हात धरूनच काढलं. खरं काय ते सांगा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली बघत सुया मोजत होते. मग तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "माही पोरगी खोटं बोलत नाई. चक्कर मारल्याबिगर माह्या दुकानात नाव निघत नाई. तुमची पोरगी आपल्या मनानं वापस आली." त्यांनी राहुटीचा बांबू उपटला. तुम्ही उजवा हात आडवा धरलात आणि त्यावरच सगळे फटके घेतलेत. तरी तेच म्हणत राहिलात, आपल्या मनानं आली, आपल्या मनानं आली. मी एक शब्द बोलले असते तर पहिल्या फटक्यानंतर ते थांबलं असतं.

घरी चुलीपुढे मी तुम्हाला वरण-भात भरवत होते. तुमची बोटं हळदीच्या फडक्यात बांधलेली होती. दोन घास खाऊन तुम्ही डाव्या हातानं मशीनची पेटी माझ्याकडे सरकवलीत. "तू नेम सोडला नाई, बाई. आता हे तुयं." तुम्ही मला आयुष्यात दिलेली सर्वांत मोठी वस्तू ती, आणि मी ती घेतली. हाडं जुळली पण बोटं वाकेनात. पुढची सहा वर्षं, मरेपर्यंत, तुम्ही बाजारात डाव्या हातानं भाजी तोलून विकलीत. जुनं गिऱ्हाईक दिसलं की माझ्याकडे बोट करून सांगायचात, हिचा हात माझ्याहून साफ आहे. माझी मान खाली जायची, लोकांना वाटायचं पोरगी विनयी आहे.

सोमवारी आली ती तीच, बाबा. मी ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, मनगटावरून. जिथे माझी अक्षरं होती तिथे आता आक्रसलेली काळी कातडी आहे. माझ्या तोंडाला मास्क होता, डोळ्यांवर चष्मा होता, तिनं मला ओळखलं नाही. तिची मुलगी मोठी झाली आहे आणि हे काय झालं म्हणून विचारायला लागली आहे, म्हणून त्यावर एक वेल काढून हवी होती. मी विचारलं, चहा सांडला होता का? त्या जत्रेनंतर कुणीतरी सांगितलं होतं की त्या पोरीच्या मनगटावर चहा सांडला, आणि मी ते मुकाट्यानं खरं मानलं होतं.

"च्या कायचा, बिब्बा," ती म्हणाली. "सुईवर तापवून लावला काकानं. नावाचं तं माफ बी केलं असतं त्याइनं. मी सांगतलं होतं न, का त्या पोरीनं हात धरून काढलं. ते इचारायले गेले तं दुकानवाला म्हणे, तुमची पोरगी चक्कर मारून आपल्या मनानं आली. मंग मी खोटारडी झाली. घरात मले कोनी इचारलंच नाई मंग कायी." तिनं बाही कोपरापर्यंत सारली. "मानूस भला दिसे म्हणे. हात मोडला तरी बोल नाई बदलला त्यानं. कोनासाटी बोलला असन ताई तो एवढं खोटं?"

मी म्हटलं, "काय माहीत." मला स्वतःची किळस आली.

त्या जत्रेनंतर मी कुणालाही चक्कर मारल्याशिवाय गोंदलेलं नाही. नावच काय, साधं फुलपाखरू असलं तरी पेननं काढते आणि रस्त्याच्या टोकापर्यंत पाठवते. पोरी हसतात, पण जातात. सोमवारीही मी त्या काळ्या कातडीवर पेननं वेल काढली आणि 'जा, एक चक्कर मारून ये' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं. ते म्हटलं असतं तर तिनं मला त्याच क्षणी ओळखलं असतं. मी मशीन चालू केलं. त्याच हातावर, बाबा, दुसऱ्यांदा. ह्या वेळी तिनं कोपर मागे ओढलं नव्हतं. काम चांगलं झालं, डाग दिसत नाही. जाताना ती म्हणाली, "तुमचा हात लय साफ आहे, ताई."

ती इचोड्याला राहते, बसनं तासाभराचाही रस्ता नाही. खपली पडल्यावर दाखवायला येईन म्हणाली, म्हणून तिचा नंबर वहीत आहे. तुम्ही खोटं बोलला नव्हतात हे तिला सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. हे सगळं तिलाच लिहायला हवं होतं. मी कागद घेतला तोही तिच्यासाठीच, पण वर तुम्हाला हाक लिहिली, कारण तुम्ही आता मला काही विचारणार नाही.