दुसरी 'ब'च्या जिज्ञासेची पूर्वतयारी

२ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प: उद्यापासून दुसरी 'ब'मध्ये संगणकाधारित जिज्ञासा-अध्यापन. पडद्यावर बी, शेजारी पाण्याचे आणि उन्हाचे बटण. मुलांनी बटण दाबावे, निरीक्षण करावे, स्वतःहून प्रश्न विचारावेत. पुढच्या मंगळवारी संस्थेचे अध्यक्ष काशिरामशेठ हा पाठ पाहून पळस्प्याच्या नव्या शाखेचा मुख्याध्यापक ठरवणार. प्रतिस्पर्धी नाही. दुसरी 'अ'च्या पद्मजाबाई आहेत, पण त्या सॉफ्टवेअरला 'पिक्चर' म्हणतात.
मी जिज्ञासेवरच पीएच.डी. केली आहे. प्रबंधात एकही प्रश्न अनुत्तरित ठेवलेला नाही.

३ फेब्रुवारी
सकाळच्या तासाला सुरुवात. प्रश्नांचा दर्जा शोचनीय. हृतिकने माऊस उलटा करून त्याच्या पोटातला लाल दिवा कशाला, ते विचारले. कोमल म्हणाली, "सर, आमच्या शेतात बांध फुटून खाडीचं पानी शिरलं, भात उगवलाच नाय. खाऱ्या पान्याचं बटन कुठाय?" तसे बटण नाही, असे सांगितले. मग, सारखं पानी दिलं तर बी कुजनार का नाय? प्रोग्रॅममध्ये कुजण्याची सोय नाही. विषयांतराबद्दल तिला उभे केले. उभ्यानेही तिने दोन प्रश्न विचारले.

५ फेब्रुवारी, गुरुवार
उत्स्फूर्तता वाऱ्यावर सोडून चालत नाही. प्रत्येकाला एक प्रश्न तयार करून दिला. क्रमांक दिले. मी उजवा हात वर केला की सुरुवात. आधी "अरेच्चा", मग प्रश्न. हृतिकचे "अरेच्चा" अजून आतून येत नाही. मधल्या सुट्टीत सराव. डबे राहिले. जिज्ञासूंना भूक कमी असते.

६ फेब्रुवारी
कोमल दिलेला प्रश्न विचारत नाही. कारण विचारता म्हणाली, "त्याचं उत्तर मला म्हाईत हाय. मग इचारू कशाला?"
तिचा क्रमांक काढून घेतला. शेवटचा बाक. मंगळवारी तोंड उघडलेस तर वर्षभर वर्गाबाहेर बसवीन, असे सौम्यपणे सांगितले. रडली. रडण्यात तरी प्रश्न नव्हता.

९ फेब्रुवारी, सोमवार
पद्मजाबाई सांगत आल्या: उद्या मंगळवार, दुपारी आपल्याकडे लाईट जाते, शेठना बुधवारी बोलवा, निदान चार कुंड्या तरी आणून ठेवा. 'लाईट' नव्हे, 'वीज', एवढे त्यांना सांगितले. पाठ निर्दोष आहे.

१० फेब्रुवारी
दुपारी शेठ आले. सोबत मुख्याध्यापिका सुमतीबाई. पडद्यावर बी आले आणि वीज गेली. पडदा काळा. पाहुण्यांनी क्षणभर थांबावे म्हणून मी उजवा हात वर केला.
हृतिक उठला. "अरेच्चा, बी फुटलं. सर, हे कसं झालं?" त्यामागून भावना उठली. "अरेच्चा, दोन पानं. सर, ती हिरवीच का?" मी हात खाली घेतला, थांबण्याची खूण मात्र ठरवलेली नव्हती. काळ्या पडद्याकडे बोट दाखवत वर्ग थेट फुलापर्यंत पोहोचला. एकानेही क्रम चुकवला नाही, याची नोंद सुमतीबाईंनी घ्यायला हवी होती. त्या पदराआड हसत होत्या.
शेठ म्हणाले, "सर, पोरांना लय भारी दिसतंय. आमालाच मोतीबिंदू झाला वाटतं." मग मुलांकडे वळले, "आता मनातलं कुनी तरी इचारा रं." सगळे माझ्या उजव्या हाताकडे पाहू लागले. शेवटच्या बाकावर कोमलचा हात अर्धा वर आला. मी तिच्याकडे पाहिले. हात खाली गेला. शेठ उठले.

११ फेब्रुवारी, बुधवार
पळस्पे पद्मजाबाईंना. गुणवत्ता हरलेली नाही. वीज गेली होती.
आज दिवसभर वीज होती. मन मोठे करून वर्गाला सांगितले, हवे ते विचारा. कोणी हलेना. शेवटी कोमल उभी राहिली. हाताची घडी, आवाज हळू. "सर, माझा प्रश्न कोणता?"
पद्धत लागू पडते. तिला तिचा जुना क्रमांक परत दिला.