सुमीसोबत जाणारं कपाट

प्रिय बाई,

तू गेल्यावर तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. मी कचेरीतली पत्रं लिहिणारा माणूस, घरचं काही कागदावर उतरवायची मला सवय नाही. पण परवा तुझ्या सुमीचं लग्न आहे. तुझ्या कपाटाला पॉलिशचा हात आत्ताच दिला आहे आणि तो वाळेपर्यंत मला दुसरं काही करता येत नाही. म्हणून तुझ्याच ओसरीवर लिहायला बसलो. हात कातानं लाल झाले आहेत, कागदावर डाग पडले तर हसू नकोस.

हो, तेच सागवानी कपाट, बाबांनी तुझ्या लग्नात दिलेलं. सुमी लहान होती तेव्हापासून तू तिला सांगायचीस, "हे तुयं हाये. तू सासरी जाशीन तवा हे तुयासंगं जाईन." मी स्वतः कितीदा ऐकलं आहे!

पण तुझी नणंद, सुमीच्या आत्याबाई! तेरावं झालं, तुझी लुगडी देऊन टाकली, आणि कपाट आत्याबाईंनी गोठ्यात नेऊन ठेवलं. का, तर तू त्याच्या शेजारी प्राण सोडलास. पावसाळाभर ते तिथंच होतं. वर कोंबड्या बसत, खाली ओल. वर्षश्राद्धानंतर सुमीचं लग्न ठरलं. तिनं कपाटाचं नाव काढलं तर आत्याबाई म्हणाल्या, "मेल्या मानसाचं सामान नवरीसंगं धाडतेत का कुठी? नवी लोखंडी पेटी घेऊ."

पोरगी त्यांना काही बोलली नाही. मला मात्र कारंज्याला निरोप धाडला, "मामा, तुमी या."

मी रजा काढून आलो. आत्याबाईंना विचारलं, "कपाट नव्यासारखं केलं तर?"

"करा. मंग पाहू," त्या हसून म्हणाल्या. मी हसलो नाही.

पेरणी तोंडावर आलेली, किसन मिस्त्रीच्या दारात अर्ध्या गावाच्या तिफणी दुरुस्तीला. तो म्हणाला, "बाबू, मले मराले फुरसत नाई. लाख अन् स्पिरिट घेऊन जा, तुमीच घासा." मग मीच घासायला घेतलं.

बाई, एक विचारू? त्या कपाटाला दर दिवाळीला सरकीचं तेल चोळायला तुला कोणी सांगितलं होतं? चमकावं म्हणून ना! लाकूड तेल पिऊन बसलेलं. लाखेचा पहिला हात दिला तो वाळायलाच तयार नाही, बोट लावलं की चिकटायचं. सगळं खरवडून काढलं. धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी, काथ्या, मग ऊन, मग काचकागद. वाळलं की पुन्हा तेल वर! सुमी पाणी ओतायची, मी घासायचो. समोरच्या ओट्यावर माणसं आपला वऱ्हाड प्रांत नागपूरकडं राहणार की मुंबईकडं जाणार यावर भांडत असायची. त्यातलाच एक ओरडला, "बाबू, अजून तेलच निंघून राह्यलं का? भजे तळा त्यात!"

तेल गेलं तर लाकूड डागाडागाचं निघालं. रंग एकसारखा यावा म्हणून काताचं पाणी द्यायचं ठरवलं. कात उकळला तुझ्या लोखंडी कढईत, आणि दारावर फिरवला. बघता बघता दार काळंनिळं पडलं.

आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "पाह्यलं? त्याले जायचंच नाई."

बाई, खरं सांगतो, तेव्हा मी हातातलं फडकं टाकून दिलं. सुमी मात्र दार निरखत होती. म्हणाली, "मामा, सुपारीनं अडकित्ता असाच काळा पडते. आई त्याले लिंबानं घासे."

मग काय! घरातली लिंबं संपली, शेजारची आणली. काळं उतरलं. दुसऱ्यांदा कात लोखंडाऐवजी पितळी पातेल्यात उकळला आणि दार तांबूस, एकसारखं झालं. मग लाखेचे हात सुरू केले.

आज सकाळी आत्याबाई आल्या, दारावरून बोट फिरवलं. "चांगलं झालं. पन मन मानत नाई बा. इकून टाका."

म्हणजे नव्यासारखं करूनही नाहीच? आणि दाजी, जे तुझ्यामागं कोणाशी धड बोलले नाहीत, ते बाजेवरून उठले.

"अक्का, सुमीची माय त्या खोलीत मेली. मी बी त्याच खोलीत झोपतो. मले बी गोठ्यात ठेवतं का?"

आत्याबाई कपाटापाशी वाकल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "खालच्या पायाले रंग कमी हाये, भाऊ. जातच हाये तं तेवढा भरून घ्या." आणि आत गेल्या.

नवऱ्याच्या तोंडून एवढं ऐकायला तू हवी होतीस. पण तूही कधी त्यांना बोलायला लावलं नाहीस. या घरात इतकी वर्षं सगळं मुकाट्यानं घेतलंस. काहून, बाई? एकदा तरी नाही म्हणायचं होतंस!

आता शेवटचा हात उद्या. परवा नवरी बसलेल्या दमणीमागं कपाटाची बैलगाडी निघेल. खाली कडबा अंथरून मी स्वतः ते बांधीन आणि कारंज्यापर्यंत त्याच्याशेजारी बसून जाईन. तिथं सुमीच्या सासरी ते भिंतीशी उभं करून, दार सरळ लागतं की नाही ते पाहूनच उठेन. तिचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथं तिला कोणी उगीच गप्प बसवायला लागलं, तर मी जाऊन उभा राहीन. तू गप्प राहिलीस, बाई. तिला मी राहू देणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
नामदेव