सफरचंदाचा नेम

क्राल्येवो, २१ जून

ति. मिलिसावदादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून स्तानियावहिनी म्हणेल, हिच्याकडचा सायीचा कायमाक पुन्हा संपलेला दिसतो. संपलाय, पण कारण ते नाही. फोन करून उपयोग नसतो; तुमच्या दरीत रेंज येते तीच मुळी लहर लागली तर, आणि आली तरी तू नुसतं हूं हूं करतोस. कागदावर निदान चार वाक्यं बोलतोस.

ओग्नेननं वर्गातल्या एका मुलाला मारलं. पुढचे दोन दात पाडले. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी हा काय करतो. मी खरं ते सांगितलं. शाळेतून आला की दप्तर फेकतो, कानांवर ते हेडफोन चढवतो आणि झोपेपर्यंत कॉम्प्युटरच्या खेळात माणसं मारत बसतो. बाई म्हणाल्या, यातूनच येतं ते. रोज मारायची सवय लागली की हात आपोआप उठतो. दादा, माझ्याही मनात तेच होतं. भिंतीपलीकडून मला त्याचा आवाज येतो, घाल त्याच्या डोक्यात, सोडू नकोस. आपलंच पोर आहे हे खरं वाटत नाही. त्याचा बाप तिकडे ऑस्ट्रियात ट्रक हाकतोय, फोनवर म्हणतो बॉक्सिंगला घाल. त्याला काय जातंय बोलायला.

कॉम्प्युटर मी शेजारच्या मित्राबाईंच्या कपाटात नेऊन ठेवला आणि चावी त्यांनाच दिली. तेव्हापासून कार्टं माझ्याशी बोलत नाही. तुझ्या वुकाशिनच्या लग्नापर्यंत त्याला तुझ्याकडे ठेवून घे. गवत कापू दे, आलुबुखार वेचू दे, घाम गाळू दे. पडदा म्हणून त्याच्या दृष्टीस पडता कामा नये, एवढंच बघ. मला त्याची भीती वाटायला लागली आहे, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

वहिनीला नमस्कार. माया आहेच, तशीच राहू दे.

तुझी,
देसांका

---

लिपोवाच, १९ जुलै

चि. देसांकास,
अ. उ. आ.

तुझा गुंड पोचला. दोन दिवस तोंड फुगवून कोपऱ्यात बसला, तिसऱ्या दिवशी भुकेनं त्याचा राग खाल्ला. आता वहिनीच्या हातचं असं हाणतो की डुकरांना टाकायला काही उरत नाही. गवत कापताना पहिल्याच दिवशी विळ्यानं बूट कापला, पाय वाचला. वहिनीला न सांगता भांडी घासतो. याला तू गुंड म्हणतेस? गावातले खरे गुंड तुला दाखवले पाहिजेत, त्यातला एक तुझा भाऊच आहे.

तुझ्या त्या खेळावर मी उतारा काढलाय. खोट्या बंदुकीचं वेड खऱ्या बंदुकीनं उतरतं. बाबांची शिकारीची रायफल भिंतीवरून काढली, तेल घातलं आणि त्याच्या हातात दिली. आधी साफ करायला शिकवली, मग धरायला, मग झाडायला. बाबांनी मला नवव्या वर्षी दिली होती. मी कधी कुणाचे दात पाडले? एकदा पाडले, पण तो राकिया दारूचा प्रताप, बंदुकीचा दोष नाही. पोराचा नेम बघून मी थक्क झालो. दारूच्या भट्टीमागे डबे मांडले होते, एक उभा राहू दिला नाही.

आणि त्यावरून मला युक्ती सुचली. नवरीच्या, म्हणजे नेवेनाच्या गावचे लोक आत्ताच मिशीला पीळ देऊन सांगतायत की सफरचंद ते घरामागच्या पॉप्लरच्या झाडाच्या थेट शेंड्याला बांधणार. वरातीनं ते गोळीनं पाडल्याशिवाय नवरी उंबऱ्याबाहेर येणार नाही, हे काय तुला सांगायचं. आमचा वुकाशिन समोरच्या कोठाराला मारायला गेला तर कोठार चुकवेल. त्याच्या मावसभावांचे हात सकाळी आठपासूनच दारूनं कापत असणार. तेव्हा सफरचंद पाडणार आपला ओग्नेन. त्या लोकांची जिरवायची आहे मला.

खाली थोडी जागा सोडतो, तुझ्या सुपुत्राला चार अक्षरं लिहायची आहेत. आमच्यावर लोभ ठेव आणि झोप काढत जा.

तुझा,
मिलिसावदादा

आई, मामानं एवढीच जागा ठेवली आहे. मी बरा आहे. रायफलचा धक्का इतका बसतो की खांदा निळा झालाय. खेळात काही दुखत नाही ना, त्यामुळे मला माहीतच नव्हतं. काल मामा सशावर मार म्हणाला, मी मुद्दाम चुकवलं. त्याला सांगू नकोस म्हणणार होतो, पण हे तोच वाचून पाकिटात घालणार. — ओग्नेन

---

क्राल्येवो, २ ऑगस्ट

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बंदुकीचं वाचून आधी त्याला परत आणायला निघणार होते. मग माझं मलाच हसू आलं. ती रायफल माझ्या पाळण्याच्या वर टांगलेली असायची, तिच्याखाली मी लहानाची मोठी झाले. घरातली बंदूक वेगळी आणि हे पडद्यावरचं भूत वेगळं. तुझा उतारा चालू दे. त्यानं दोन ओळी का होईना लिहिल्या, त्या मी दोनदा वाचल्या आणि मित्राबाईंनाही वाचून दाखवल्या.

फक्त लग्नात त्याला दारू पाजू नका, आणि तूही बेतानं घे. मोज्यांच्या कारखान्यात शनिवारची रात्रपाळी आहे, त्यामुळे रविवारी सकाळी मी नवरीच्या घरी पोचणार नाही, थेट जेवणाच्या मंडपात येईन. माझं पोर सफरचंद पाडणार आणि मला दिसणार नाही, याचं वाईट वाटतं. वुकाशिनला म्हणावं, आत्या त्याच्यासाठी विणलेलं पांघरूण आणते आहे.

सगळ्यांना नमस्कार, आणि लोभात उणं पडू देऊ नका.

देसांका

---

क्राल्येवो, १५ सप्टेंबर

ति. दादास,
शि. सा. न.

काय लिहू? आठवडा झाला, कागद काढते आणि परत ठेवते. तुझ्या घरात मी माझं दुखणं पाठवलं आणि त्यानं तुझ्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी एका बाईचा जीव घेतला. ती कोसारा तर कुणाची कुणीच नव्हती. शेजारच्या गॅलरीत नवरी बघायला उभी राहिलेली बाई. दोन मुलांची आई. मंडपात येताना मी विचार करत होते, कुठली चप्पल नाचायला बरी पडेल. मला तुझे, वहिनीचे, नेवेनाच्या माणसांचे पाय धरायचे आहेत.

पोलिसांनी मला आत सोडलं तेव्हा ओग्नेन खुर्चीत बसला होता. मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, बाळा, तू काही केलंस तरी मी तुझी आई आहे, मी तुला माफ केलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. तेव्हापासून तो मला काहीच सांगत नाही. जबाबात त्यानं म्हटलंय की सफरचंद पडल्यावर आनंदाच्या भरात आणखी एक गोळी झाडली. तू शेजारी होतास, तुला माहीतच आहे.

तपासाच्या बाईंना मी काही लपवलं नाही. दात पाडल्याचं सांगितलं, समुपदेशक बाईंचं नाव दिलं, भिंतीपलीकडून काय ऐकू यायचं तेही सांगितलं. त्या सगळं लिहून घेत होत्या आणि मान डोलावत होत्या. आता गल्लीत सगळे तेच म्हणतात. बेकरीवाला म्हणाला, त्या खेळांवर बंदीच घालायला हवी. मी घरी आले, मित्राबाईंकडून कॉम्प्युटर आणला आणि हातोड्यानं फोडला. पण फोडून झाल्यावरही मला काही वाटलं नाही.

मला शिव्या दे, पण संबंध तोडू नकोस.

तुझी करंटी बहीण,
देसांका

---

लिपोवाच, २४ सप्टेंबर

चि. देसांकास,
अ. आ.

स्वतःला करंटी म्हणू नकोस. तुझ्यावर इथं कुणाचा राग नाही. वहिनी तुझ्या नावानं रडते, रागावत नाही. वकिलाशी बोललो. मूल पंधरा वर्षांचं, त्यात ते खेळाचं प्रकरण, शाळेचा कागद. न्यायाधीश समजून घेतात. फार तर दोन वर्षं सुधारगृहात, तीही पुरती नाहीत. तिथं शाळा आहे, सुतारकाम शिकवतात. मोठ्या माणसाच्या हातून झालं असतं तर दहा वर्षं गेली असती आणि घर बसलं असतं. देवाची त्यातल्या त्यात दयाच म्हणायची.

कोसाराच्या नवऱ्याकडे जाऊ नकोस. मी जाऊन आलो, सरपण घालून दिलं, हिवाळाभर बघेन. तू गेलीस तर तो काहीबाही विचारेल. नेवेनाकडेही सध्या नको, ती सावरलेली नाही अजून मनानं, आणि वहिनीला वाटतं तिला लग्नाआधीच दिवस गेलेत. वुकाशिन कुणाशी बोलत नाही. रायफल पोलीस घेऊन गेले, भिंतीवर तिची नुसती खूण राहिली आहे.

ओग्नेनला मी भेटून आलो. शहाणं पोर आहे, मर्द आहे. फार खोलात शिरून त्याला त्रास देऊ नकोस. डुकराचं खारवलेलं मांस पाठवतोय, त्याच्यासाठी घेऊन जा.

मनातून आम्हांला काढू नकोस.

मिलिसाव

---

क्राल्येवो, ५ नोव्हेंबर

मिलिसावदादास,

नमस्कार घालते, कारण तू मोठा आहेस आणि हात तशी सवय सोडत नाही.

रविवारी नेवेना माझ्या दारात उभी होती. एकटी, बसनं आलेली, पोट दिसायला लागलेलं. बस म्हटलं तरी बसेना. उभ्यानंच सांगितलं. ती माडीच्या खिडकीत पडद्याआड होती, सफरचंद पडताना नवरी बघतेच. ओग्नेननं एका गोळीत ते पाडलं, रायफलचा सुरक्षेचा खटका लावला आणि ती तुझ्याकडे द्यायला वळला. तुझ्या हातून ती वुकाशिननं ओढून घेतली. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात रायफल, नाचतच झाडली. आभाळात झाडायची होती म्हणे. ती म्हणाली, आत्या, मी त्याच्याशेजारी झोपते आणि मला कोसारा दिसते.

काल सुधारगृहात गेले. ओग्नेनला म्हटलं, नेवेना आली होती. तेव्हा कुठे तो बोलला. पोलिसांची गाडी यायच्या आत तू त्याला कोठारात नेलंस. म्हणालास, तू लहान आहेस, तुला काही होणार नाही, शिवाय तू ते खेळ खेळतोस, सगळे विश्वास ठेवतील. आणि म्हणालास की घराण्याचं नाव आता तुझ्या हातात आहे, तू मर्द आहेस ना. त्यानं ठरवलं होतं, तुला होकार द्यायचा आणि आई आली की तिला खरं सांगायचं, मग आई काय ते बघेल. ती विचारेलच, असं तो धरून चालला होता. तो म्हणाला, पण तू विचारलंच नाहीस, आई. तू आल्या आल्या माफच करून टाकलंस.

दादा, हे मी तुला लिहू शकते पण मोठ्यानं बोलू शकत नाही. ज्यानं सशावर गोळी चुकवली त्या मुलावर मी विश्वास ठेवला नाही. मी एका खेळावर ठेवला. तुला तर माझी अक्कल माहीतच होती, त्यावरच तू सगळा डाव मांडलास.

पुढच्या शुक्रवारी मी आणि नेवेना सरकारी वकिलांकडे जातो आहोत. तुला चोरून करायचं नाही म्हणून कळवते.

देसांका

---

लिपोवाच, ९ नोव्हेंबर

देसांका,

गुडघे टेकून लिहितोय असं समज. वुकाशिनला दहा वर्षं होतील. त्याचं मूल बापाशिवाय चालायला शिकेल. ओग्नेन उन्हाळ्यापर्यंत बाहेर आला असता, गावभर मी त्याला खांद्यावरून फिरवला असता. लहानपणी तुला कुणी हात लावला तर मी काय करायचो ते आठव. तू माझ्या जागी असतीस तर दोन पोरांतलं कुठलं दिलं असतंस? उत्तर देऊ नकोस, फक्त थांब.

मी चुकलो असेन, पण वाईट मनानं नाही. तुझ्या भावाला लाथाडू नकोस.

मिलिसाव

---

क्राल्येवो, १३ डिसेंबर

मिलिसावदादास,

तुझं पत्र शुक्रवारच्या आधीच मिळालं होतं. उत्तर मी सरकारी वकिलांकडे जाऊन दिलं. वुकाशिनला नेलं तेव्हा वहिनीनं फोनवर मला जे शाप दिले ते मी शेवटपर्यंत ऐकून घेतले; तिच्या जागी मीही दिले असते. पांघरूण विणताना त्याच्यासाठी मी जी माया घातली ती परत काढता येत नाही, त्यामुळे मीही रडले. आपल्या घराण्याच्या संताच्या सणाला घरी मेणबत्ती लावाल तेव्हा मी येणार नाही.

पण तुला दुसरंच कळवायचं आहे. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

ओग्नेनची सुटका गुरुवारी व्हायची होती. मी त्याची खोली रंगवली. फोडलेल्या कॉम्प्युटरच्या जागी जुनाच, पण चालणारा एक आणून ठेवला. मित्राबाई म्हणाल्या, वेडी झालीस का. मी म्हटलं, खेळू दे, तिथं निदान कुणी मरत नाही.

मंगळवारी सुधारगृहातून फोन आला. तिथं सगळे त्याला घाबरून होते. माणूस मारलेला मुलगा म्हणून जेवणाची पहिली थाळी त्याला, खिडकीजवळचा पलंग त्याला. दोन महिने त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नव्हतं. मग बातमी फुटली की यानं काही केलेलंच नाही, मामानं शिकवलेलं बोलत होता. तेव्हापासून पोरं त्याला चिडवायला लागली. मामाचा पोपट म्हणायची, थाळी ओढून घ्यायची, पलंगावर पाणी ओतायची. एक दिलबर नावाचा मुलगा सगळ्यांत पुढे. मंगळवारी ओग्नेननं सुतारकामाच्या खोलीतून टेबलाचा पाय आणला. दिलबरचा डावा डोळा गेला. तो चौदा वर्षांचा आहे. त्याची आई दवाखान्याच्या जिन्यात बसली होती, मी तिच्यासमोरून गेले.

तिथल्या अधिकारी बाई मला म्हणाल्या, हल्लीची मुलं, ते मारामारीचे खेळ, दुसरं काय होणार. त्यांच्या सुधारगृहात खेळ नाही, फोन नाही, जेवणघरात एक टीव्ही आहे तोही बंद.

मग ओग्नेनला आणलं. या वेळी मी त्याला जवळ घेतलं नाही, माफ केलं असंही म्हणाले नाही. समोर बसले आणि पहिल्यांदा विचारलं, हे तू केलंस का?

तो म्हणाला, हो आई, हे मीच केलं.

देसांका