माझी मांडी आटल्याचं वर्तमान

तीर्थरूप मावशीस,

पडल्यापडल्या साष्टांग नमस्कार (हल्ली दुसरा कुठला जमतच नाही). तुझे गुडघे आणि तुझं शिवणयंत्र, दोन्ही कुरकुर न करता चालत असतील अशी आशा. माझं म्हणशील तर दोन्ही पाय आणि चार बरगड्या सोडून मी ठणठणीत आहे.

आईने तुला 'घसरला' एवढंच सांगितलं असणार. खरी हकीकत अशी, की ती दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत काम करते (ती म्हणजे तीच, जिच्यापायी मी कॉलेज सोडून व्यायामशाळेत शिकवायला लागलो, कारण एकदा ती कुणाच्या तरी खांद्यांना 'छान' म्हणाली होती). रखवालदार मला आत सोडेना. माझं डोकं फिरलं. जिना तुझा असेल, बाहेरची परांची काय तुझ्या बापाची, असं विचारून मी रंगाऱ्यांच्या बांबूंवरून चढलो. खिडकीशी पोचलो, हात हलवला, पायाखालचा बांबू माझ्या वजनाने वाकला, आणि तो हात बांबूला हवा होता हे खाली येताना कळलं.

पुढे प्लास्टर ढगळ झालं, मांडीपाशी अख्खा पंजा आत जाऊ लागला. प्लास्टर घालणाऱ्याला मी कच्च्या कामाबद्दल असा झापला, की डॉक्टरबाई धावत आल्या. म्हणाल्या, प्लास्टर तेवढंच आहे, पाय आटलाय. एवढा मार बसला की शरीर स्नायूंतलं प्रथिन मोडतं आणि जखमा भरायला, जंतूंशी लढायला वापरतं. "भिंत पडलीय ना तुमची? मग घरातलंच कपाट मोडून टेकू लावणार." मावशी, ती कपाटं मी घाम गाळून केली होती गं! म्हटलं, दुप्पट खातो. तर म्हणे, खायलाच हवं, पण नुसत्या खाण्याने हे लगेच थांबत नाही. जखमा भराव्या लागतात, झेपेल तसं अंगही हलवावं लागतं. (म्हणजे घरात माझा शब्द चालत नव्हताच, आता अंगातही चालेना.) रागाने ताट भिरकावणार होतो, पण तेवढा जोर उरला नव्हता, म्हणून जेवलो.

तुझा लाडका (सध्या निम्माच)
भाचा

ता. क. : खरं काम असं. ती रविवारी बघायला येणार आहे. एक सदरा शिवून पाठव, खांद्यांत आणि दंडांत भरपूर कापूस भरून. आईला सांगू नकोस.

ता. क. दुसरा : ती आजच आली! मी चादर गळ्यापर्यंत घेतली, तिने ती खसकन ओढली (तिचंही डोकं फिरतं, मला ठाऊक नव्हतं). दंड बघून म्हणाली, "तेव्हा एवढाच असतास, तर परांचीने तुला पेललं असतं." आणि मग डोळे पुसत बसून राहिली. सदरा राहू दे. त्या कापसाची एक उशी कर. इथली खुर्ची फार टणक आहे, आणि ती उद्याही येते म्हणाली.