पत्ता खालून वाचायचा

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात संगणक नव्हता. आता मी पुसदमध्ये त्याच घरात बसून लोकांच्या वेबसाइट करून देते. गेल्या आठवड्यात महागावची एक बाई आली होती. ती भाकरीचे व्हिडिओ करते. तिला वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'टीव्ही' हवं होतं. मी सांगितलं, ही अक्षरं तुवालू नावाच्या लहानशा बेटांच्या देशाची आहेत. प्रत्येक देशाला दोन अक्षरं मिळाली. आपल्याला 'इन' मिळालं, त्यांच्या वाट्याला योगायोगाने ही आली. साऱ्या जगाला ती हवीशी वाटली, म्हणून ते ती पैसे घेऊन इतरांना वापरायला देतात. वाढता समुद्र मात्र त्यांच्या दारापर्यंत आला आहे.

"म्हंजे ताई, मी भाकर थापीन महागावात अन् पत्ता समुद्रातला?" ती हसली. "चालते. ते थोडीच जेवाले येऊन राह्यले!"

मीही हसले. मग म्हटलं, संगणक हा पत्ता शेवटाकडून वाचतो, आधी देश, मग नाव. बोलता बोलता लक्षात आलं, हे तुमचंच वाक्य होतं.

तुम्ही पोस्टात सॉर्टिंगला होतात. आई गेली त्या वर्षी तुम्ही घरात बोलणं जवळजवळ सोडलं होतं. मी पाचवीत होते. ढाणकीच्या मावशीला मी पत्र टाकलं, पण वर गावच लिहिलं नव्हतं. संध्याकाळी तुम्ही ते घेऊन स्वयंपाकघरात येता, हातपाय न धुता तसेच पाटावर बसता. "काय वं, गाव कोण लिहीन? नुसत्या नावानं जाते काय पत्र? आमी पत्ता खालून वाचतो. पह्यले गाव, मंग माणूस." पेन माझ्या हातात देता. मग कुठलं पत्र कुठल्या खणात पडतं, कुठली थैली कुठल्या गाडीने जाते, सांगतच राहता. चुलीवरचा भात करपला, तरी तुम्ही उठला नाहीत.

तुमच्या नावाचा एक पत्ता मी घेऊन ठेवला आहे, शेवटी 'इन' असलेला. त्यावर पान नाही, फक्त ई-मेलची एक टपालपेटी आहे. ती उघडणारी मी एकटीच. हे पत्र तिकडे पाठवलं तर मलाच मिळेल, म्हणून पाठवत नाही.

आणि बाबा, मावशीचं गाव मी विसरले नव्हते. पत्र तुमच्या हाती पडेल, तुम्ही ते घरी आणाल, रागावायला का होईना, माझ्याशी बोलाल, म्हणून ती ओळ मी कोरी ठेवली होती.