कात्रीचा हात

४ फेब्रुवारी

आज हाताचं बँडेज सुटलं. नर्स म्हणाली, इतक्यात बघू नका. मी बघितलंच!

डाव्या मनगटाच्या वर पोस्टकार्डाएवढा खळगा. त्यावर मांडीची कातडी ठिगळासारखी लावलेली, आणि तेही मधे धरलेलं नाही – तिथून पांढरी शीर दिसते. तीस वर्षं शिवणकामात गेली, असलं गबाळं ठिगळ माझ्या दुकानातून कधी बाहेर पडलं नाही.

या खळग्यातला तुकडा माझ्या तोंडात आहे. कॅन्सरची अर्धी जीभ काढली, तिच्या जागी हाताची कातडी बसवली. बोलायला गेलो की नुसते बुडबुडे. म्हणून लोकांसाठी पाटी, आणि माझ्यासाठी ही वही.

७ फेब्रुवारी

अंगठ्याची पाठ बधिर. चिमटा काढला तरी कळत नाही.

११ फेब्रुवारी

हिला सांगून दुकानातली कात्री मागवली. डाव्या हाताची, लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेली. दुकानात दुसऱ्या कुणाला चालत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, दादाची कात्री म्हणजे दादासारखीच, सरळ चालेल तर शपथ.

चादरीची कड धरली आणि कात्री चालवली. अंगठा वळेना. दोन बोटं कापडही कापलं नसेल, कात्री खाली पडली. नेमके तेव्हाच मोठे डॉक्टर राउंडवर आले. कात्री त्यांनीच उचलली, उलटसुलट करून बघितली.

"तुम्ही डाव्या हाताने काम करता?"

फाइल उघडली. त्यात लिहिलेलं – कामाचा हात उजवा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हा कागद चष्मेवालीने भरला होता. ती शिकाऊ डॉक्टर, रोज माझं ड्रेसिंग करते. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, न विचारताच भरलंस? ती म्हणाली, विचारलं होतं, सर.

सगळे असंच म्हणतात! मी पाटीवर लिहिलं: मला फक्त लिहिण्याचा हात विचारला.

ती पांढरीफटक पडली.

१२ फेब्रुवारी

मोठे डॉक्टर स्टूल ओढून बसले. हाताची कातडी पातळ, जिभेला छान बसते, म्हणून ती घेतात. पण जिथून घ्यायची तिथलंही नुकसान होतं, म्हणून कमी कामाचा हात बघायचा. दोन्ही मनगटं दाबून रक्त परत येतं का, हे तपासलं होतं. ते मला आठवतंय. कात्रीचं माहीत असतं तर उजवा घेतला असता, नाहीतर मांडी. म्हणाले, चूक आमची.

एवढा मोठा माणूस माझ्यापुढे मान खाली घालून! खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

झोप नाही, म्हणून जुनं जुनं आठवतं. डाव्या हातात पेन्सिल दिसली की गुरुजी बोटांच्या पेरांवर पट्टी मारायचे. उभी पट्टी, आडवी नाही. तेव्हापासून लिहिणं उजव्याने, जेवणं उजव्याने. हिला बघायला गेलो तेव्हा चहाची बशीसुद्धा उजव्या हातात, अर्धा चहा पायजम्यावर. मी डावरा आहे हे हिला लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं, दुकानात डबा घेऊन आली तेव्हा. गिऱ्हाइकांना तर अजून माहीत नाही. मी पडद्यामागेच कापतो.

कात्री मात्र उजव्या हाताने कधीच जमली नाही.

२० फेब्रुवारी

आज सगळ्या डॉक्टरांची मीटिंग होती. मला पुढे खुर्चीत बसवलं. माझ्या हाताचा फोटो भिंतीवर – दारापेक्षा मोठा! बघवेना.

मोठे डॉक्टर म्हणाले, यापुढे तुकडा आणखी पातळ काढायचा, शिरांवरचं आवरण जागच्या जागी राहू द्यायचं. आणि कामाचा हात नुसता विचारायचा नाही, बघायचा. शिंप्याला कात्री द्या, गवंड्याला थापी द्या, कुठल्या हाताने धरतो ते बघा. सगळ्यांनी लिहून घेतलं.

मग मला विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं? मी पाटी वर धरली: फक्त लिहिण्याचा हात.

चष्मेवाली मागे उभी होती. सहा महिने तिला ऑपरेशन थिएटर बंद. झालं ते योग्यच झालं. माझा हात गेला, तिचे सहा महिने गेले तर कुठे बिघडलं?

ही संध्याकाळी म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतःहून का नाही सांगितलंत?"

पाटीवर लिहिलं, तू गप्प बस. ती गप्प बसली. तेही आवडलं नाही.

२३ फेब्रुवारी

चष्मेवालीचं उद्यापासून दुसरीकडे काम. शेवटचं ड्रेसिंग करायला आली. शीर झाकली गेली आहे, ठिगळ धरलंय. ते बघून तीच माझ्यापेक्षा जास्त खूश झाली. पट्टी बांधता बांधता हळूच म्हणाली, "काका, नीट आठवून बघाल का एकदा?"

मी भिंतीकडे तोंड केलं. तिने गाठ बांधली, टोचू नये म्हणून बाजूला वळवली, आणि गेली.

२४ फेब्रुवारी

राउंड दहाला आहे. पाटी पुसून ठेवली आहे.

तिने विचारलं होतं. "काका, आणि काम कुठल्या हाताने करता?" कागद पुढ्यात, पेन उघडं. माझा डावा हात आपोआप पाठीमागे गेला आणि मी म्हणालो, उजव्याच. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना? नक्की.

माझ्या स्वतःच्या जिभेने बोललेलं ते शेवटचं.