बिनमालकाच्या दुकानातली उधारी

मुक्काम लाकूड डेपो, पोंभुर्ण्याच्या पुढचं जंगल
ता. १४ मे १९५७

तीर्थरूप भाऊजी गुणवंतराव यांना मेव्हणा वारलूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आपला गुडघा काय म्हणतो? राईस मिलच्या कोंड्यानं खोकला वाढला असेल तर हळद-गूळ घ्यावा (मिलमालकाला सांगू नये, तो गुळाचे पैसे पगारातून कापेल). रुखमाक्काला नमस्कार सांगावा. इकडे मी सुखरूप आहे. हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलं आहे, पुढचं पत्र वाचताना ते धरून चालू नये.

मी निघालो तेव्हा मूल गावच्या बाजारात उभं राहून आपण मला सांगितलं होतं की रोख द्यावं, पावती घ्यावी आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचं तोंड पाहून ठेवावं. मी मान हलवली होती. मान हलवायला पैसे पडत नाहीत. शिवाय मी दिवसभर सागानं भरलेल्या खासर-गाड्यांच्या पावत्याच फाडतो, त्यामुळे पावती या विषयात मला कोणी शिकवू नये असा माझा थोडा गर्व होता. तो आता उतरला आहे.

डेपोकडून खेड्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक मोहाचं झाड आहे आणि त्याखाली जात्याच्या पाळीएवढा सपाट दगड. त्या दगडावर सकाळी माल असतो. पानाच्या द्रोणात चारोळी, टोपलीत टेंभराची फळं, भोपळ्याच्या तुंब्यात मध. विकणारा नसतो. ज्याला हवं त्यानं माल उचलायचा आणि पैसे दगडाच्या खोबणीत ठेवायचे. द्रोणाला एक आणा, तुंब्याला चार आणे, भाव आजोबांच्या वेळचे (नवे पैसे सुरू झाले ते तिथवर पोचलेले नाहीत). कोणी बुडवत नाही, कोणी घासाघीस करत नाही, कारण घासाघीस करायची कोणाशी? मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले. मूलच्या बाजारात आपण दुकानदाराकडे पाठ केली तर तो वांगी बदलतो, आणि इथे बघा.

तीन आठवड्यांमागे मला मध हवा होता आणि खिशात पाचाची नोट होती. दगडाकडे मोड कुठून असणार? मध तर फार चांगला दिसत होता. तेव्हा मी पावतीपुस्तकातला कोरा कागद काढून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मधाचे चार आणे बाकी. पगारावर देईन. वारलू मुन्शी, लाकूड डेपो, पहिली खोली.' वर खडा ठेवला आणि तुंबा घेऊन आलो. आपला मेव्हणा पळपुटा नाही हे दगडालाही कळावं एवढाच हेतू होता.

पगार झाला. चार आणे नेऊन ठेवले (दोन दिवस उशीर झाला, पण मनात होते). चिठ्ठी नव्हती, कोणी तरी नेलेली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माझे चार आणे तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. बाकीच्यांचे आणे रोज उचलले जात होते, माझ्याच पावलीच्या भोवती मुंग्या फिरत होत्या.

त्याच आठवड्यात दुपारी डेपोवरून जेवायला खोलीवर आलो तर छत्री नाही. खुंटीखाली फळीवर सव्वादोन रुपये ठेवलेले. जुनी, झिजलेली नाणी, ओली, मोहफुलांचा वास येणारी. मी हसलो, म्हटलं, कोणी तरी गंमत केली. दोन दिवसांनी कंदील गेला, तिथे चौदा आणे. बांगडीवाले कय्यूमभाऊ या वाटेनं फिरतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "काच तडकलेली होती ना? मग चौदा आणेच. बराबर भाव देला." चोरी झाल्याचं दुःख करावं की हिशोब चोख असल्याचा आनंद मानावा, हे मला ठरवता येईना. मग माझा फोटो गेला. मूल गावी टाय लावून काढलेला तो, चौकटीसह. जागेवर सहा आणे होते. कय्यूमभाऊंनी पुन्हा विचार केला आणि सांगितलं की सहा आणे नुसत्या चौकटीचे होतात. मला राग आला. नंतर, पाणी पिताना, भीती वाटली. ज्याला फोटोची किंमत नाही त्यानं फोटो नेला कशाला?

तेव्हा डेपोचा राखणदार लालसू याला गाठलं (वय साठ, बोलणं दिवसाला दहा शब्द). त्याला विचारलं, दगडावर माल ठेवतो कोण? तो म्हणाला, "आमी नाई ठेवत जी. आमी बी तिथूनच घेतो. पल्याडचे ठेवत असन." मी भर उन्हात पल्याडच्या गावी गेलो. तिथला कोलू म्हातारा म्हणाला, "आमी कायले ठेवू? तुमच्याकडचे लोक ठेवतेत ना." भाऊजी, दोन्ही गावं तीन पिढ्या पैसे ठेवून राहिली आहेत आणि दोघांनाही वाटतं की ते दुसऱ्या गावाला जातात. परत येताना त्या मोहाखालून मला जावं लागलं. वारा नव्हता. दगडावर ताजी चारोळी होती आणि द्रोणाची पानं आत्ताच खुडल्यासारखी हिरवी होती. मी पळालो, हे आपल्याला सांगायला लाज वाटत नाही.

लालसूला सगळं सांगितलं. तो एका दमात आठवड्याभराचं बोलला. "काऊन लिहून देलं, मुन्शीजी? त्याले आजवर कोणाचं घर मालूम नव्हतं. तुमी नाव-पत्ता देला. चार आण्यात त्यानं तुमचं नावच घेतलं, म्हणून पैसे नाई उचलले. आता त्याले वाटून राह्यलं का तुमी बी दुकान मांडलं. माल ठेवता, अन् जवळ कोणी बसत नाई."

काल दुपारी जेवून मी जरा आडवा झालो. उठलो तर उशाशी एक रुपया. ओला. खोलीत सगळ्या वस्तू मोजल्या, दोनदा मोजल्या. तांब्या आहे, ट्रंक आहे, चपला आहेत. काही म्हणजे काहीच गेलेलं नाही. लालसूनं रुपयाकडे पाहिलं, हात लावला नाही, म्हणाला, "हा इसार आहे जी. मोठा माल असन त पयले इसार देतेत." आणि माझ्याकडे पाहत राहिला.

बाकी सर्व ठीक. पाऊस वेळेवर येईल असं म्हणतात. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
वारलू

ता. क. हे पत्र रुखमाक्काला वाचून दाखवू नये. फोटोचं तर मुळीच नको, तो तिनं पैसे देऊन काढवला होता.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे पत्र पुढच्या कामासाठीच लिहिलं. लालसू म्हणतो, धनी बाजूला बसला असेल तर मालाला हात लागत नाही. तेव्हा आपण खासर जुंपून यावं आणि माझ्याजवळ बसावं. कोणी काही विचारलं तर हा माणूस आमचा आहे, विकायचा नाही, एवढंच मोठ्यानं म्हणावं. मला फार भीती वाटते, भाऊजी. इसाराचा रुपया न मोडता तसाच दगडावर नेऊन ठेवला तर सौदा फिरतो, असंही लालसू म्हणतो. तो रुपया मी संध्याकाळी, लालसू सोबत असताना, ठेवून येणार आहे. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. सवडीनं आलात तरी चालेल.

ता. क. तिसरा, पाकिटाच्या मागच्या बाजूला. पत्र पोचवायचा एक आणा कय्यूमभाऊंना द्यायचा होता. माझ्याजवळ सुटे नव्हते म्हणून उशाखालचं नाणं दिलं. त्यांनी पंधरा आणे परत केले आणि ते वाटेला लागले, तेव्हा कुठे मुठीतली मोड पाहून मी इसार मोडल्याचं माझ्या ध्यानात आलं. धावत त्यांना गाठून मी रुपया परत मागितला, तर म्हणतात, तो आत्ताच वाटेत एकाला मोड म्हणून दिला. कोणाला, ते तोंड त्यांनी पाहिलं नाही. सवडीनं नको. आजच निघा.